मुंबईला केव्हा जावे?

मुंबईला केव्हा जावे, या प्रश्नाचा निकाल प्रवासाच्या पुस्तकांनी केव्हाच लावून टाकलेला आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी! हवा आल्हाददायक, आकाश निरभ्र, समुद्र शांत. पण ही पुस्तकं लिहिणाऱ्यांचा मुक्काम हॉटेलात असतो आणि आम्हा म्हसवडकरांचा पाहुण्यांकडे, हा बारीकसा तपशील त्यांच्या नजरेतून सुटलेला दिसतो.

शिवाय ऐन त्या दिवसांत आम्हांला गाव सोडता येत नाही. मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेला सिद्धनाथ-जोगेश्वरीचा रथ निघतो. त्या दिवशी म्हसवडच्या माणसानं मुंबईत असणं म्हणजे घरचं लग्न सोडून शेजारच्या मांडवात जेवायला बसण्यासारखं. उलट मुंबईतले आमचे यच्चयावत पाहुणे तेव्हा गुलालात न्हायला इकडं येतात. तात्पर्य, मुंबई जेव्हा सर्वांत उत्तम असते तेव्हा तिथं आमच्या स्वागताला कुलूप असतं.

म्हणून आमच्या लहानपणी मुंबईला जायचं ते उन्हाळ्यात. हवेच्या दृष्टीनं हा शुद्ध वेडेपणा. म्हसवडला पारा चाळिशी ओलांडतो, पण सदरा कोरडा राहतो. मुंबईत तो तेहतिशी-चौतिशीत घुटमळतो आणि नुसतं बसून राहिलं तरी माणूस पिळून वाळत घालायच्या लायकीचा होतो. तरी जायचो, कारण तिथं नळ होता. चाळीतल्या त्या सार्वजनिक नळाखाली माझी आई पहिल्या दिवशी नुसती हात धरून उभी राहिली होती. मागं रांग खोळंबली होती, कुणीतरी खेकसलंही. वैशाखात माणदेशातला माणूस मुंबईला हवा खायला जात नाही हो, तो पाणी प्यायला जातो. (ते पाणी तानसा-भातसाचं, म्हणजे शहापूर तालुक्यातलं, आणि त्याच तालुक्यातल्या कित्येक वाड्या मे महिन्यात टँकरची वाट बघतात, ही गोष्ट आईला कुणी सांगितली असती तर तिनं हात मागं घेतला असता. ती तशीच होती.)

राहता राहिला पावसाळा. आमच्या हिचा हट्ट पहिल्यापासून पावसाळ्याचा. "समुद्र काय, बारा महिने तिथंच असणार. मला वरनं पडणारं बघायचंय."

यात तिचा दोष नाही. आमच्याच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वराला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. सगळे ढग सह्याद्रीच्या त्या अंगाला रिकामे होतात आणि आमच्याकडं येते ती त्यांची नुसती सावली. म्हसवडला साऱ्या वर्षात पाचशे मिलिमीटर झाला तर लोक एकमेकांना पेढे द्यायचेच काय ते बाकी ठेवतात. आणि 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात पडला 944! आमची दोन वर्षांची बेगमी एका दिवसात. त्या पावसात शेकडो माणसं गेली.

हा आकडा मी हिला सांगितला तो तिचा हट्ट मोडावा म्हणून. तिनं तांदूळ निवडायचे थांबवले आणि विचारलं, "आपण तिथं कठड्यावर बसून हावऱ्यासारखं पाणी बघायचं आणि पलीकडं कुणाची चूल तरंगत असायची. मग ते बघणं पाप म्हणायचं का?"

आता आली का पंचाईत! एवढा प्रश्न तर प्रवासाच्या एकाही पुस्तकात नाही. पावसाळ्यात मोठ्या भरतीच्या वेळा वर्तमानपत्रांत छापून येतात आणि त्या वाचून हजारो माणसं मरीन ड्राइव्हवर लाटा अंगावर घ्यायला जातात. त्याच भरतीनं शहरातलं पाणी समुद्रात उतरायचं थांबतं आणि सखल भागातल्या खोल्यांत शिरतं. लाट एकच. कुणाला ती तोंडावर मिळते, कुणाला पिठाच्या डब्यात.

पण म्हणून बघूच नये? 2019 च्या दुष्काळात म्हसवडला जनावरांची छावणी होती. तेव्हा शहरातून गाड्या यायच्या. लोक उतरायचे, बैलांचे फोटो काढायचे, "अरेरे" म्हणायचे. आमच्या दुष्काळाचाही सीझन असतो, मार्च ते मे. छावणीतल्या एका म्हाताऱ्याला मी म्हणालो, "बाबा, हे काय प्रदर्शन आहे?" तर म्हणतो, "येऊं द्या की मास्तर. बगितल्याबिगर त्येंला तरी कसं कळायचं? फकस्त जाताना पान्याच्या बाटल्या हितं टाकू नगा म्हनावं."

त्या म्हाताऱ्याच्या मतावर मी अजून विचार करतो आहे. मला ते पटतं आणि संपूर्ण पटत नाही.

आमच्या तात्यांकडं मात्र या प्रश्नाचं सरळ उत्तर होतं. तात्या म्हणजे चुलते; परळच्या एका गिरणीत कामाला. दहा बाय बाराची खोली, तीत माण-खटावचे अकरा जण. एक पाळीला गेला की त्याच्या वळकटीवर दुसरा. रात्री निम्मे गॅलरीत, निम्मे खाली फुटपाथवर. तात्यांच्या पत्रात शेवटी नेहमी एक ओळ असे : 'पाऊस नसंल तवा कवाबी या.' पावसाळ्यात फुटपाथ बंद. तेव्हा पाहुणा आला की कुणीतरी एक जण रात्रभर जिन्यात बसून काढी. मोसम हवेवर नसतो, यजमान कुठं झोपतो यावर असतो, हे त्या एका ओळीत होतं.

पुढं 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला. जानेवारी, म्हणजे पुस्तकाच्या हिशेबानं मुंबईत असावं असा महिना. निरभ्र आकाश वगैरे. त्यानंतर काही महिन्यांतच तात्या वळकटी घेऊन म्हसवडला परतले ते कायमचे. मुंबईची हवा कशी आहे, हे त्यांना पुन्हा कुणी विचारलं नाही.

आता त्यांचा नातू बदलापूरला असतो. स्वतःचा ब्लॉक आहे. कोळी लोक 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद ठेवतात, तेव्हा त्यानंतरच या म्हणजे ताजी मासळी मिळेल, असा त्यानं सल्ला दिला. आम्ही दोघं माळकरी, हे तो बहुधा विसरला. पण मुद्दा झोपण्याचा होता. हिनं माझ्या हातातून फोन घेतला आणि विचारलं, "आम्ही आलो तर तुम्ही झोपणार कुठं?"

"हॉलमध्ये की, काकी. तुम्ही बेडरूममध्ये. त्यात काय!"

"पोरगी?"

"ती पण आमच्यातच. सकाळी सहाची लोकल असते माझी, मी काय, उठतोच."

हिनं बोटांवर काहीतरी मोजलं. "मग दोनच रात्री येतो," म्हणाली, "आणि अंथरूण आमचं आम्ही आणतो."

तेव्हापासून दाराशी एक वळकटी बांधून ठेवलेली आहे, आणि ही रोज चष्मा लावून भरतीच्या वेळा शोधते आहे.