कपाटामागची भिंत

आमच्या घराला रंग लागतो तो भिंतींच्या गरजेनं नव्हे, पाहुण्यांच्या भयानं. २००४ साली भाच्याची मुंज आमच्याकडे झाली तेव्हा एकदा लागला होता. त्यानंतर भिंतींनी आमच्याकडे आणि आम्ही भिंतींकडे फारसं पाहिलं नाही. दोन्ही बाजूंना समाधान होतं. पण यंदा कन्येनं आपलं लग्न आपणच जमवलं आणि मुलाचे आईवडील एका रविवारी 'नुसते चहाला' येणार असल्याचं आम्हांला कळवलं. 'नुसते चहाला' हे शब्द कानावर पडताच सौभाग्यवतींनी कपबशांकडे नाही, भिंतींकडे पाहिलं. मी काय ते समजलो.

हाताशी दिवस पंधरा आणि रुपये सहा हजार. रंगाऱ्यानं टेप लावून बाहेरच्या खोलीचं माप घेतलं. दहा बाय बारा, उंची दहा. चार भिंती मिळून ४४० चौरस फूट. बारा रुपये फुटानं ५,२८० झाले. मी म्हटलं, "दार आणि खिडकी वजा करा की." तो म्हणाला, "काका, दार-खिडकीच्या कडा सांभाळण्यात जास्त वेळ जातो. त्याचं वेगळं लावत नाही म्हणून वजा करत नाही." जिथं रंग लागायचाच नाही त्या जागेचेही पैसे द्यायचे, या सिद्धान्ताला माझ्यापाशी उत्तर नव्हतं. छताचे १२० फूट मात्र सौ.नं एका वाक्यात उडवले. पाहुणा आडवा झाल्याखेरीज छत बघत नाही, आणि हे पाहुणे बसायला येणार होते.

उरलेल्या ७२० रुपयांत खोलीचा कायापालट करायचा होता. दोन जुन्या सुती साड्यांचे पडदे झाले. दिवाणावर एरवी पाहुण्यांसाठी राखून ठेवलेली चादर आली. फुटक्या कोपऱ्याच्या टीपॉयवर क्रोशाचा रुमाल आला आणि तो बरोबर त्या कोपऱ्यावर ओघळू लागला. मी उत्साहाच्या भरात नवा एलईडी दिवा आणून लावला, तर आजवर दिसली नव्हती ती जळमटंसुद्धा दिसायला लागली. तो काढून मी स्वयंपाकघरात लावला आणि तिथला पिवळट दिवा बाहेर आणला. खोली एकदम खानदानी दिसू लागली. घर सुंदर करण्याचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे उजेड कमी करणं, हे ज्ञान मी कोणालाही फुकट द्यायला तयार आहे.

आता राहिली ती उत्तरेकडची भिंत. वरच्या मजल्यावरच्या मोरीतून तिच्यात पाणी मुरतं. तिला लोणा लागलाय, पोपडे सुटलेत, आणि पावसाळ्यात तिच्यावर नकाशे उमटतात. रंगाऱ्यानं तिच्यावर बोटानं टिचकी मारली, मूठभर गिलावा खाली आला, आणि तो म्हणाला, "ह्याला रंग नाही, गवंडी पाहिजे." गवंडी आधी वर जाऊन तिथली फरशी उखडणार. त्यासाठी वरच्यांची परवानगी लागणार. आणि त्यांचं-आमचं बोलणं आठ वर्षांपासून बंद आहे. तेव्हा सौ.नं गोदरेजचं कपाट दोन हात सरकवून त्या ओलीपुढे उभं करायचं ठरवलं.

इथं कन्या आडवी आली. "त्यांच्यापासून लपवायचं कशाला? मी ह्याच घरात वाढले ना? ते बघू देत की त्यांना!"

"ते काय गवंडी आहेत, ओल बघायला?" सौ. म्हणाली.

झालं! मी दोघींच्या मधोमध, कपाटाला खांदा लावून उभा. ढकलायचं की थांबायचं? माणसाला तत्त्वचिंतन सुचतं ते अशा वेळी. हातात जड वस्तू असताना विचार फार स्पष्ट होतात. झाकणं म्हणजे खोटं बोलणं का, हा प्रश्न तसा जुना. पण तो मी कपाटाखेरीज कधी नीट उचलून पाहिला नव्हता.

मराठी भाषेचा कौल घ्यावा म्हटलं तर ती आमच्याविरुद्ध निघाली. आपल्याकडे फसवणं म्हणजे चुना लावणं. चूक लपवायची धडपड म्हणजे सारवासारव. वरवरचा चांगुलपणा म्हणजे मुलामा. भिंतीला जे जे लावतात ते ते भाषेनं लबाडीच्या खात्यात टाकलंय. पण त्याच भाषेत झाकली मूठ सव्वा लाखाची आहे, आणि दुसऱ्याच्या चुकीवर पांघरूण घालणारा तर आपल्याला भला माणूस वाटतो. शिवाय 'सारवासारव' या शब्दावर मुळातच अन्याय झालाय असं माझं मत आहे. आजीच्या कोकणातल्या घरी दर आठवड्याला जमीन सारवली जायची. खाली माती आहे हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. त्यात लपवण्यासारखं काय होतं? ती तर निगा होती.

इस्त्रीच्या शर्टाखाली फाटका बनियन घालणारा माणूस खोटारडा नसतो. लोकांपुढे बनियन काढून दाखवणारा माणूस प्रामाणिक असेल, पण त्याच्याकडे चहाला जायला मी कचरतो. मला वाटतं, समोरच्याचा निर्णय जिच्यावर अवलंबून आहे ती गोष्ट झाकणं ही लबाडी. बाकीचं सगळं सौजन्य. घर विकायला काढलं असतं तर ओलीपुढे कपाट उभं करणं हा गुन्हाच. शेजाऱ्याला चहाला बोलावलं असतं तर शिष्टाचार. पण सोयरिकीचा चहा नेमका या दोहोंच्या मधला. तिथं घर विकायचं नसतं, पण बघितलं जातं.

मी कपाट ढकललं. भिंतीपासून चार इंच अंतर सोडलं, गंजू नये म्हणून. कन्या दोन दिवस माझ्याशी मोजकंच बोलली.

फ्रान्समधल्या दिदरो नावाच्या एका तत्त्वज्ञानं १७६९ साली आपल्या जुन्या झग्याचा शोक करणारा एक निबंध लिहिला. घरात वापरायचा जुना झगा जाऊन त्याच्याकडे नवा, लालभडक, उंची झगा आला. जुन्या झग्याला हा पुस्तकांवरची धूळ पुसायचा, लेखणीची शाई पुसायचा. नव्याला तसं काही करायची सोय राहिली नाही. त्यातून नव्या झग्याशेजारी वेताची खुर्ची दरिद्री दिसू लागली, मग टेबल, मग पुस्तकांची फळी; आणि एकेक करत सगळं बदलावं लागलं. जुन्या झग्याचा मी मालक होतो, नव्याचा गुलाम झालो, असा त्याचा विलाप. त्याला सौ. भेटली असती तर तिनं झग्याचे पडदे शिवले असते आणि तत्त्वज्ञानाचा एक निबंध कमी झाला असता.

पण मला दिदरो आठवला तो दुसऱ्याच एका जागेमुळे. दिवाणाच्या मागच्या भिंतीवर, बसल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीला, बशीएवढा एक तेलकट डाग होता. तो अण्णांचा. माझे वडील रोज सकाळी डोक्याला खोबरेल चोपडून तिथं पेपर वाचत बसायचे आणि अग्रलेख संपेपर्यंत डोकं भिंतीला टेकायचे. २०१४ साली अण्णा गेले. त्यांचे कपडे आम्ही वाटले, चष्मा देऊन टाकला, काठी कोणीतरी मागून नेली. डाग कोणाला देता येत नाही, म्हणून राहिला. हल्ली मीही तिथंच डोकं टेकतो. फरक एवढाच, की माझ्या डोक्यावर तेल लावण्याजोगं फारसं काही उरलेलं नाही.

रंगारी त्या डागापाशी आला आणि म्हणाला, "काका, हे तेल आहे. नुसता डिस्टेंपर मारला तर महिन्या-दोन महिन्यांत परत वर येणार. घासून ऑइल प्रायमर द्यायला पाहिजे. तीनशे रुपये वाढतील."

सहा हजारांच्या अंदाजपत्रकात तीनशे म्हणजे काही थोडेथोडके नव्हेत. "राहू दे मग," मी ताबडतोब म्हणालो. "उगाच खर्च कशाला?" हे मी इतक्या तत्परतेनं म्हणालो की ही स्वयंपाकघरातून बाहेर आली. डागाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. पर्समध्ये तीनशे रुपये होते, हे मला ठाऊक होतं आणि मला ठाऊक आहे हे तिला. ओल झाकण्यासाठी कपाट सरकवून घेणारी बाई रंगाऱ्याला म्हणाली, "प्रायमर नको. साधाच हात मारा." आणि आत निघून गेली.

रविवारी मंडळी आली. पिवळट उजेडात नव्या भिंती साजूक तुपासारख्या दिसत होत्या. मुलाची आई पडद्यांना छान म्हणाली, सौ.नं त्या साड्या आहेत हे सांगितलं नाही आणि नाहीत असंही सांगितलं नाही. पोहे झाले, चहा झाला. मुलाचे वडील पाय मोकळे करायला म्हणून उठले, कपाटावरची पुस्तकं बघता बघता कपाटाच्या कडेला गेले आणि तिथंच थबकले. नंतर त्यांनी त्या चार इंचांच्या फटीत डोकावून पाहिलं. कन्या माझ्याकडे बघत होती. बघायचंच होतं तिला.

"ओल?" त्यांनी विचारलं.

"हो," मी म्हणालो. "वरच्यांची मोरी."

"बोलणं बंद?"

"आठ वर्षं."

"आमचं अकरा," ते म्हणाले, आणि कपाटावर हलकेच थाप मारली. "आमच्याकडचं कपाट लाकडी आहे. त्याला वाळवी लागली. लोखंडी घेतलंत हे बरं केलंत." मग आम्ही दोघं तासभर गळतीवर बोललो. लग्नाचा मुहूर्त बायकांनीच ठरवला.

याला आता सहा आठवडे झाले. काल सकाळी मी नेहमीच्या जागी पेपर घेऊन बसलो होतो. ही चहा घेऊन आली, कप हातात द्यायचा सोडून माझ्या डोक्यामागे बघत राहिली.

"अहो, जरा बाजूला व्हा."

मी झालो. चष्मा लावून बघितलं. बशीएवढा नव्हता अजून. वाटीएवढाच होता.