फुलदाणीची किंमत

जुन्या चिनी मातीच्या फुलदाण्या जमवण्याचा मला नाद आहे. माणसाला एखादा नाद असावा, असे मी पूर्वी सर्वांना सांगत असे. हल्ली जरा जपून सांगतो.

जिंतुरात आमच्या गल्लीतल्या एक आजी मुलाकडे पुण्याला राहायला निघाल्या होत्या. घर आवरायला मी हातभार लावायला गेलो. स्वयंपाकघरात एका निळ्या फुलदाणीत पळी, झारा आणि उलथने उभे होते. मी ते काढून ठेवले आणि फुलदाणीला टिचकी मारली. खणखणीत आवाज आला. तडा असता तर ती बद्द वाजली असती. बुडाशी पाहिले आणि छाती धडधडू लागली. तेथे छाप होता : ‘मेड इन ऑक्युपाइड जपान’. म्हणजे ताब्यातल्या जपानात बनलेली. महायुद्धानंतर जपान दोस्त राष्ट्रांच्या ताब्यात होता. 1947 ते 1952 या काळात तिथून बाहेर जाणाऱ्या बऱ्याच मालावर हे शब्द असत. काळ एवढासा, म्हणून जमवणारे हा छाप हौसेने शोधतात.

“आजी, ही मला द्याल का?”

“न्या की मास्तर. नाहीतर भंगारवाल्यालाच द्यायची हाय.”

मी पन्नास रुपये त्यांच्या हातावर ठेवले आणि वर स्वतःला उदारही समजलो!

रात्री मात्र झोप येईना. मी माझे वकीलपत्र घेतले. त्यांनी राजीखुशीने दिली. छाप ओळखायला मी वर्षे घालवली. त्या ज्ञानाला काहीच मोल नाही? शिवाय मी ती वाचवली. पुण्याच्या दिनकर केळकरांनी अशाच घरगुती वस्तू, दिवे, अडकित्ते, गावोगाव फिरून जमवले नव्हते का? पण केळकरांनी वीस हजारांवर वस्तू जमवून अखेर सरकारच्या, म्हणजे लोकांच्या, स्वाधीन केल्या. माझी फुलदाणी माझ्याच कपाटात जाणार होती.

दोन हजार वर्षांपूर्वी रोमच्या सिसेरोने हाच पेच घातला होता. ऱ्होड्स बेटावर दुष्काळ आहे. एक व्यापारी धान्य घेऊन पोहोचतो. मागून आणखी जहाजे येत आहेत, हे त्याला ठाऊक आहे. ते त्याने गिऱ्हाइकांना सांगावे की नाही? सिसेरोचा कौल होता : सांगावे.

मला तर सिसेरोपर्यंत जायचीही गरज नव्हती. पाचवीतल्या पोराने पहिलीतल्या पोराला दोन चकचकीत नाणी देऊन दहाची नोट घेतली, तर तो सौदाही राजीखुशीचाच असतो. तरी मी मोठ्याचाच कान धरतो. ज्ञानाचा मोबदला उघड मागून घ्यावा. दुसऱ्याच्या अज्ञानातून गुपचूप कापून घेऊ नये.

सकाळी जाऊन आजींना सारे सांगितले. जुन्या वस्तूंच्या दुकानात जे मोल द्यावे लागले असते, ते पुढे केले. त्यांनी नोटा शांतपणे मोजल्या, पदराच्या गाठीत बांधल्या आणि म्हणाल्या, “मास्तर, हे कालच का नाही सांगितलं?”

मी मान खाली घातली.

दरवर्षी दिवाळीत त्या फुलदाणीत झेंडू ठेवतो. पुसताना बुडाचा छाप दिसतो आणि वाटते, त्या पहिल्या रात्री ती माझ्या नुसती ताब्यात होती. माझी झाली ती दुसऱ्या दिवशी.