मूल कोणाचे? अपत्यावरील स्वत्व आणि आजी-आजोबांचा दावा

एखाद्या बालकाचा ताबा त्याच्या हयात आईने किंवा वडिलांनी मागावा आणि त्याच बालकावर त्याच्या आजी-आजोबांनीही हक्क सांगावा, असा वाद भारतीय न्यायालयांपुढे प्रामुख्याने दोन परिस्थितींत येतो. पतीच्या निधनानंतर तरुण विधवा माहेरी परतते किंवा पुनर्विवाह करते, तेव्हा नातवंड आपल्या घराण्याचे आहे असे सांगून सासरची माणसे ते आपल्यापाशी ठेवू पाहतात. आणि विवाहित मुलीचा अकाली, क्वचित संशयास्पद, मृत्यू होतो, तेव्हा तिचे आईवडील नातवंड जावयाच्या स्वाधीन करण्यास तयार होत नाहीत. दोन्ही प्रसंगी दाव्यामागे एक मृत्यू उभा असतो आणि दोन्ही बाजूंचे प्रेम बहुधा खरे असते, त्यामुळे एका पक्षाला दुष्ट ठरवून हा वाद मिटवता येत नाही. ज्याला अजून स्वतःचे म्हणणे मांडता येत नाही अशा जीवाला कोणी ‘आमचा’ म्हणावे आणि ते कोणत्या आधारावर, हा त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न कायद्याच्या आधी धर्मविचाराचा आहे. परंपरेने त्याला जन्म, वंश आणि संगोपन असे तीन आधार सुचवले; त्यांपैकी कोणत्याही आधारातून मुलावर मालकी उत्पन्न होत नाही, प्रत्येकातून केवळ मुलाविषयीचे ऋण उत्पन्न होते, आणि वादाचा निवाडा या ऋणांच्या तुलनेनेच होऊ शकतो, असे येथे प्रतिपादन केले आहे.

प्रथम दोन संज्ञा वेगळ्या केल्या पाहिजेत. पालकत्व म्हणजे अज्ञान व्यक्तीच्या वतीने निर्णय घेण्याचा व तिची मालमत्ता सांभाळण्याचा अधिकार. ताबा म्हणजे ते मूल प्रत्यक्ष कोणाच्या घरी राहील, कोणाच्या हातचे जेवेल आणि आजारपणात कोण त्याच्या उशाशी बसेल याची व्यवस्था. स्मृतिग्रंथांत पहिल्याचा विचार आढळतो. अज्ञान वारसाच्या धनाचे तो जाणता होईपर्यंत राजाने रक्षण करावे, असे मनुस्मृतीचा आठवा अध्याय सांगतो. दुसऱ्याचा विचार तेथे जवळजवळ नाही, कारण आजोबा, पिता आणि नातू एकाच छपराखाली राहत असताना मूल कोणाजवळ राहील हा प्रश्न सहसा उद्भवतच नव्हता. घर फुटल्यावर, किंवा विधवेला त्या घराबाहेर पडण्याची मुभा मिळाल्यावर, तो उद्भवला.

जन्माचा आधार सर्वांत जुना आणि वरवर पाहता सर्वांत भक्कम आहे. वसिष्ठधर्मसूत्राच्या मते पुत्राचा देह मातापित्यांपासून निर्माण होतो, म्हणून त्याला दत्तक देण्याचे सामर्थ्य त्यांनाच आहे; तेथे आजोबांचा उल्लेख नाही. तथापि ‘मातापिता’ म्हणताच दोघांपैकी अधिक अधिकार कोणाचा, हा प्रश्न पुढे येतो, आणि मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात त्याची चर्चा बीज आणि क्षेत्र यांच्या दृष्टांताने केली आहे: पीक बियाणे पेरणाऱ्याचे की शेताच्या धन्याचे? ग्रंथ बीजाला श्रेष्ठ म्हणतो, पण दुसऱ्याच्या शेतात पेरलेल्या बियाण्याचे फळ शेतमालकाकडे जाते हेही मान्य करतो. या चर्चेत आई शेत आहे, मूल पीक आहे, आणि पिकाला स्वतःचे हित असू शकते ही कल्पना दृष्टांताच्या रचनेतच बसत नाही. त्यामुळे जन्म हा संबंधाचा पुरावा ठरला, तरी त्या संबंधाने मूल कोणाच्या हवाली व्हावे याचे कारण तो एकटा पुरवू शकत नाही.

आजोबांचा दावा मुख्यतः वंशाच्या आधारावर उभा राहतो आणि धर्मशास्त्राने तो एका ठिकाणी स्पष्टपणे स्वीकारलाही आहे. पुत्र नसलेला पिता कन्येचे लग्न करून देताना, तिचा मुलगा आपली और्ध्वदेहिक कर्मे करील, असे ठरवून घेऊ शकत असे. अशा कन्येला ‘पुत्रिका’ म्हणत. महाभारताच्या आदिपर्वात मणलूरच्या राजाने चित्रांगदेचा विवाह अर्जुनाशी करून देताना हीच अट घातली, आणि त्यानुसार बभ्रुवाहन पित्याकडे न जाता मातामहाच्या घरी वाढला. भाऊ नसलेल्या मुलीशी लग्न करू नये, असे मनुस्मृती बजावते, ते याच भीतीने: होणारा मुलगा सासऱ्याच्या वंशात जाईल. ‘वंशाचा दिवा’ हा मराठी घरांतून आजही ऐकू येणारा शब्दप्रयोग याच विचाराचा अवशेष आहे. पितरांना पिंड मिळत राहावा, नाव पुढे चालावे, ही मृतांविषयीची निष्ठा त्यात आहे आणि ती क्षुद्र नव्हे. परंतु मूल येथे गेलेल्यांच्या तृप्तीचे साधन होते आणि त्याच्या आयुष्याची मांडणी त्याच्या जन्मापूर्वीच्या कराराने ठरते, हे दृष्टीआड करता येत नाही.

मूल ही मालकीची वस्तू होऊ शकते का, याचा सर्वांत काटेकोर विचार मीमांसकांनी केला, आणि तोही यज्ञाच्या निमित्ताने. विश्वजित यज्ञात यजमानाने सर्वस्व दान करावे असे विधान आहे. मग त्या सर्वस्वात आईवडील आणि इतर आप्तही येतात काय? जैमिनीच्या सूत्रांवरील विवेचनात उत्तर मिळते की ज्याच्यावर स्वत्व, म्हणजे मनास येईल तसा विनियोग करण्याची सत्ता, आहे तेवढेच देता येते; आप्तांशी संबंध असला तरी त्यांच्यावर तशी सत्ता नाही, म्हणून ते दानाचा विषय होत नाहीत. ज्या याज्ञवल्क्यस्मृतीवर विज्ञानेश्वराने मिताक्षरा लिहिली, तीही कुटुंबाला बाध न येईल इतके आपले धन द्यावे असे सांगताना पत्नी आणि अपत्य यांना वगळते. हीच परंपरा दत्तकविधानात पुत्र देण्यास संमती देते, हा विरोध खरा आहे. पण दत्तक देण्यावर आपत्तीची अट आणि एकुलता एक मुलगा देऊ नये हा निषेध आहे, यावरून त्या दानाकडेही सामान्य मालमत्तेच्या दानासारखे पाहिले गेले नव्हते, हे लक्षात येते.

ऐतरेय ब्राह्मणातील शुनःशेपाची कथा हा विचार आणखी पुढे नेते. अजीगर्त शंभर गाईंच्या मोबदल्यात मधला मुलगा यज्ञपशू म्हणून विकतो, आणखी शंभर घेऊन त्याला यूपाला बांधतो, आणखी शंभर घेऊन त्याच्या वधासाठी शस्त्र परजतो. देवतांच्या स्तुतीने मुलगा बंधमुक्त झाल्यावर तोच पिता त्याला परत मागतो. मुलगा ते नाकारतो, विश्वामित्राच्या अंकावर जाऊन बसतो आणि त्याचा पुत्र म्हणून स्वीकारला जातो. जन्मदात्याचा दावा नष्ट होऊ शकतो, तो त्याच्याच आचरणाने नष्ट होतो, आणि मुलाच्या निवडीला निर्णायक वजन असू शकते, या तीन गोष्टी येथे इतक्या प्राचीन काळी एकत्र आलेल्या आहेत.

संगोपनाचा आधार इस्लामी न्यायशास्त्रात विशेष स्पष्टतेने दिसतो, कारण तेथे ‘हिजानत’ म्हणजे लहान मुलाची जोपासना आणि ‘वलायत’ म्हणजे त्याच्यावरील पालकाचा अधिकार यांची मुळातच फारकत केली आहे. हनफी मतानुसार मुलगा सात वर्षांचा होईपर्यंत आणि मुलगी वयात येईपर्यंत हिजानत आईकडे असते, आणि आई नसल्यास ती पित्याआधी आईच्या आईकडे जाते. वलायत मात्र पित्याकडे आणि त्याच्यामागे पित्याच्या पित्याकडे राहते. मालिक इब्न अनस यांच्या ‘मुवत्ता’ या संग्रहात नोंदलेला प्रसंग नेमका याच वादाचा आहे. उमर यांनी आपल्या घटस्फोटित पत्नीचा मुलगा आसिम याला कुबा येथील मशिदीच्या आवारात खेळताना पाहून उचलून आपल्या वाहनावर घेतले. मुलाच्या आजीने त्यांना गाठून अडवले आणि वाद खलिफा अबू बक्र यांच्यापुढे गेला. उमर म्हणाले की मुलगा माझा. आजीही तेच म्हणाली. अबू बक्र यांनी मूल तिच्याकडे सोडण्यास सांगितले आणि पुढे खलिफा होणाऱ्या उमर यांनी प्रतिवाद केला नाही. दोघांचे वाक्य एकच असताना निर्णय एकाच्या बाजूने झाला, याचा अर्थ निर्णयाचा आधार त्या वाक्याबाहेर, मुलाच्या वयात आणि त्या वयाला लागणाऱ्या जोपासनेत होता.

आधुनिक भारतीय कायद्याची वाटचाल वंशाकडून या तिसऱ्या आधाराकडे झाली आहे. विधवाविवाहाला मान्यता देणाऱ्या 1856 च्या कायद्यातच असे कलम होते की विधवेने पुनर्विवाह केल्यास मृत पतीचे आईवडील, आजी-आजोबा किंवा कोणीही पुरुष नातलग तिच्या मुलांसाठी दुसरा पालक नेमण्याची मागणी न्यायालयाकडे करू शकतील. स्त्रीला नवे आयुष्य देणारा कायदा तिच्या मुलाला जुन्या घराशी बांधण्याची वाटही उघडी ठेवत होता. 1890 च्या पालक व पाल्य कायद्याने पिता हयात आणि लायक असताना दुसरा पालक नेमण्यास मनाई केली. 1956 च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याने नैसर्गिक पालकांत पिता आणि त्याच्यानंतर माता यांचा समावेश केला, आजी-आजोबांचा केला नाही, परंतु तेराव्या कलमात अज्ञानाचे कल्याण हा सर्वोच्च विचार ठरवून या क्रमालाही त्याच्या अधीन केले.

सर्वोच्च न्यायालयाचे निर्णय या तत्त्वाच्या प्रकाशात पाहिले की त्यांतील वरवरचा विरोध मावळतो. 2008 मध्ये न्यायालयाने पित्याऐवजी आईच्या आईवडिलांकडे मुलाचा ताबा दिला, कारण पत्नीच्या मृत्यूप्रकरणी पित्यावर फौजदारी खटला चालू होता, आणि स्वतः मुलाने आजी-आजोबांपाशी राहण्याची इच्छा व्यक्त केली होती. 2019 मध्ये, आईचे कर्करोगाने निधन झाल्यावर मातृपक्षाच्या आप्तांनी सांभाळलेली लहान मुलगी पित्याकडे सोपवण्याचा मुंबई उच्च न्यायालयाचा निर्णय कायम झाला, कारण स्वतःच्या आजारपणामुळे मुलीला काही काळ आप्तांकडे ठेवणारा पिता तिच्याविषयीच्या कर्तव्यातून ढळला नव्हता. 2022 मध्ये पुनर्विवाहित आईने मुलाला नव्या पतीचे आडनाव दिले, याला मृत पतीच्या आईवडिलांनी हरकत घेतली असता, एकमेव नैसर्गिक पालक या नात्याने तो निर्णय आईचाच, असे न्यायालयाने ठरवले. त्याच वर्षी कोविडच्या साथीत आईवडील गमावलेल्या मुलाबाबत मात्र मावशीपेक्षा पित्याच्या वृद्ध आईवडिलांना पसंती देताना, वय आणि उत्पन्न एवढ्यावरच हा प्रश्न सोडवता येत नाही, असेही सांगितले. पित्याने किंवा मातेने कर्तव्य टाकलेले नसेल तर त्यांचा क्रम ढळत नाही. ते टाकलेले असेल किंवा त्याविषयी गंभीर शंका असेल, तर जन्माचा आधार आजी-आजोबांविरुद्ध पुरेसा ठरत नाही.

या भूमिकेवर गंभीर आक्षेप असा की ‘कल्याण’ ही संज्ञा सैल आहे आणि न्यायाधीश तिच्यात आपल्या वर्गाच्या व काळाच्या समजुती भरू शकतो: पुनर्विवाह केलेली आई दुय्यम मानली जाऊ शकते, श्रीमंत घर चांगले घर समजले जाऊ शकते. आक्षेपात तथ्य आहे. परंतु त्यावरचा उपाय पुन्हा रक्ताकडे किंवा गोत्राकडे वळणे हा नव्हे, कारण त्या मापांत मूल मोजलेच जात नाही. बृहदारण्यकोपनिषदात याज्ञवल्क्य मैत्रेयीला सांगतो की पुत्र प्रिय वाटतो तो पुत्रासाठी नव्हे, आत्म्यासाठी. त्या उपदेशाचा अंतिम रोख आत्मज्ञानाकडे आहे, तरी सामान्य व्यवहारातही तो दोन्ही पक्षांना लागू पडतो. गेलेल्या मुलीचा चेहरा नातीत शोधणारी आजी आणि आपल्या पितृत्वाचा अपमान सहन न होणारा बाप, दोघेही मुलावर प्रेम करताना स्वतःच्या दुःखावर किंवा मानावर प्रेम करत असू शकतात. मराठीत नातवंडाला दुधावरची साय म्हणतात, आणि त्या लाडक्या उपमेतही साय दुधावर धरते हे गृहीत आहे. नातवंडाशी असलेले नाते मधल्या पिढीतून येते, आणि त्या पिढीतील हयात व्यक्तीला शत्रू करून ते टिकवता येत नाही.

यातून आजी-आजोबांच्या वाट्याला शून्य येते असे नाही. आपण कोणाची संतती आहोत हे जाणण्याचे, गेलेल्या आईची किंवा वडिलांची माहिती ज्यांच्यापाशी आहे त्यांना भेटण्याचे हित मुलाचे आहे, आणि म्हणून भेटीची व्यवस्था हा हरलेल्या पक्षाला दिलेला दिलासा न राहता मुलाला देणे असलेली गोष्ट ठरते. ताबा मिळालेल्या पक्षाने ती अडवली तर तो मुलाचे देणे बुडवतो. वंशाच्या आधाराचे सर्वांत गंभीर रूप, म्हणजे पितरांची चिंता, हीदेखील ताब्याची मागणी करू शकत नाही, आणि याचे प्रमाण परंपरेनेच पुरवले आहे. पुत्राचा पुत्र आणि कन्येचा पुत्र यांत लोकव्यवहारात भेद नाही असे मनुस्मृती सांगते, आणि तर्पण करणारा पित्याकडील तीन पिढ्यांबरोबर मातामहाकडील तीन पिढ्यांचेही नाव घेतो. आईच्या वडिलांच्या घरी तो कधी राहिला होता का, असे त्याला कोणी विचारत नाही. स्मरणाचा अधिकार निवासावर अवलंबून नसेल, तर स्मरणासाठी मुलाला आईपासून किंवा वडिलांपासून तोडण्याला धर्माचा आधार उरत नाही.