पुढचा चेंडू कोण ठरवणार?

सॉफ्टबॉलची पिचर घडवताना आधी हात आणि मग डोकं, असा बहुतेक प्रशिक्षकांचा क्रम असतो. हात गोल फिरवणं, मनगटाचा झटका, पुढच्या पावलाची लांबी यांतच सुरुवातीची वर्षं जातात आणि सामन्यात कोणता चेंडू टाकायचा याची खूण डगआउटमधून येते. अमेरिकेतल्या कॉलेज सामन्यांत तर अनेकदा प्रशिक्षक आकडे सांगतो आणि कॅचर मनगटावरच्या तक्त्यात चेंडू शोधते. तिथं नोकऱ्या पणाला लागलेल्या असतात, म्हणून ते समजू शकतं. पण बारा वर्षांच्या मुलीला वेगवान चेंडू आणि चेंजअप एवढे दोनच येत असले, तरी कोणता कधी टाकायचा हे तिनं आणि तिच्या कॅचरनंच ठरवावं, असं माझं मत आहे.

दोन चेंडूंत डोकं लढवण्यासारखं पुष्कळ असतं. ४० फुटांवरून ताशी ८० किलोमीटर वेगानं टाकलेला चेंडू सुमारे अर्ध्या सेकंदात बॅटरपाशी पोचतो. त्याच हालचालीतून ताशी ६० च्या वेगानं सुटलेला चेंजअप सेकंदाच्या जेमतेम सहाव्या हिश्श्यानं मागे राहतो, पण तेवढ्यात बॅट फिरून गेलेली असते. मात्र समजा, उजव्या हाताच्या बॅटरनं वेगवान चेंडू पहिल्या बेसच्या बाजूला फाउल मारला. म्हणजे तिची बॅट उशिरा येतेय. आता चेंजअप टाकला, तर तिला हवा तसाच चेंडू आयता मिळतो. तिथं पुन्हा वेगच हवा. तोच फाउल तिसऱ्या बेसच्या बाहेर सणसणीत गेला, तर बॅट लवकर येतेय आणि चेंजअपची वेळ झालीय. हे ओळखायला वयाची अट नाही, बघायची सवय लागते. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये जपानची पिचर युकिको उएनो हिनं दोन दिवसांत ४१३ चेंडू टाकले. सगळे तिच्या दमाचं कौतुक करतात. मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते हे, की आदल्याच दिवशी जिच्याकडून हरली त्या अमेरिकेला जपाननं अंतिम सामन्यात ३-१ नं हरवलं. उएनोचा वेग एव्हाना त्या बॅटर्सच्या ओळखीचा झाला होता, म्हणजे नुसत्या वेगावर भागणार नव्हतं, कोणता चेंडू कधी टाकायचा हेही महत्त्वाचं होतं.

प्रशिक्षकाला जास्त कळतं, मुली चुकतील, सामने जातील, हा आक्षेप खरा आहे. सामने जातील. पण डगआउट बाजूला असतं. चेंडू प्लेटच्या आत गेला की बाहेर, हे तिथून नीट दिसत नाही, कॅचरला दिसतं. नवख्या मुलीवर एवढं ओझं नको, हेही मान्य. नेमानं स्ट्राइक पडू लागेपर्यंत तिनं नुसतं टाकत राहावं. प्रशिक्षकानं धोक्याच्या बॅटरबद्दल इनिंगआधी जरूर सांगावं, चेंडूगणिक खूण मात्र करू नये. इनिंग संपल्यावर ‘तो चेंडू का टाकलास?’ एवढंच विचारावं. ‘तिचा फाउल उजवीकडे गेला म्हणून पुन्हा वेगवान टाकला’ असं उत्तर आलं, तर त्या चेंडूवर होमरन बसलेला असला तरी निवड बरोबरच होती.