भाकरीतले लोह

बाजरीचे नवे वाण प्रसारित करायचे तर ते एकरी किती पिकते, गोसावी रोगाला किती तोंड देते आणि किती दिवसांत कापणीला येते, एवढे पाहिले जाई. २०१८ साली अखिल भारतीय समन्वित बाजरी संशोधन प्रकल्पाने त्यात आणखी एक अट घातली : किलोभर दाण्यात किमान ४२ मिलिग्रॅम लोह आणि ३२ मिलिग्रॅम जस्त असलेच पाहिजे. शेतीविषयक अलीकडच्या निर्णयांत मला हा फार मोलाचा वाटतो. पोत्याच्या वजनाखेरीज त्यातल्या दाण्याला दुसरे माप लावण्याची ही सुरुवात आहे, आणि हे माप का हवे याचा एक भक्कम पुरावा नगर जिल्ह्यानेच दिला आहे.

या जिल्ह्यात वसतिगृहांत राहून शिकणाऱ्या १२ ते १६ वयाच्या २४६ मुलामुलींवर झालेला एक अभ्यास २०१५ साली ‘जर्नल ऑफ न्यूट्रिशन’मध्ये प्रसिद्ध झाला. मुलांचे दोन गट केले होते आणि दोन्ही गटांच्या जेवणात बाजरीची भाकरी होती. एका गटाच्या बाजरीत किलोमागे ८६ मिलिग्रॅम लोह होते, दुसऱ्या गटाच्या नेहमीच्या बाजरीत २१ ते ५२. चारच महिन्यांत पहिल्या गटाच्या रक्तातले फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा सांगणारे प्रथिन, दुसऱ्या गटापेक्षा स्पष्टपणे वाढले. ज्या मुलांत सुरुवातीलाच लोहाची कमतरता होती, त्यांच्यापैकी जास्त लोहाची भाकरी खाणाऱ्यांची कमतरता सहा महिन्यांत भरून निघण्याची शक्यता इतरांच्या दीडपटीहून अधिक निघाली. याच संशोधनातून पुढे आलेल्या दुसऱ्या लेखात या मुलांचे अवधान आणि स्मरण यांच्या चाचण्यांतही सुधारणा नोंदली आहे. औषध नाही, गोळी नाही. ताटात भाकरीच होती, फक्त दाणा वेगळा होता.

प्रौढ माणसाच्या शरीरात सगळे मिळून तीन-चार ग्रॅम लोह असते. त्यातला मोठा भाग रक्तातल्या हिमोग्लोबिनमध्ये असतो. त्याच्या प्रत्येक रेणूत लोहाचे चार अणू असतात आणि श्वासातला प्राणवायू त्या चार ठिकाणी धरला जातो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. आधीच्या फेरीत तो ४८ टक्के होता. प्रत्येक रक्तक्षय लोहाच्या अभावानेच होतो असे नाही, पण लोहाचा अभाव हे त्याचे फार मोठे कारण आहे.

हे सगळे लोहावर बसलेल्या मुलखात घडते आहे. आपली काळी माती ज्या काळ्या पाषाणापासून, बेसाल्टपासून झाली, त्यात लोह भरपूर असते. तरीही प्रवराकाठच्या उसावर केवडा पडतो. पाने पिवळी होतात, मग पांढरी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. याचे कारण जमिनीतला चुना. चुनखडीच्या, विम्ल जमिनीत लोह न विरघळणाऱ्या रूपात अडकून बसते आणि मुळांना ते उचलता येत नाही. अशा कमतरतेच्या जमिनीत हेक्टरी २५ किलो हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, कुजलेल्या शेणखतात मुरवून द्यायची शिफारस आहे. जस्त कमी असेल तर २० किलो झिंक सल्फेट. ज्या शेतातून हेक्टरी शंभर टन ऊस निघण्याची अपेक्षा असते, तिथे हे आकडे नगण्य दिसतात, म्हणून तेच आधी गाळले जातात. युरियाची गोणी मात्र कुणी गाळत नाही. त्या युरियासाठी हवेतल्या नत्राचा अमोनिया करायचा तर कारखान्यात लोहाचाच उत्प्रेरक लागतो, हे इथे सांगायला हवे. १९१३ साली जर्मनीतल्या ओप्पाऊ येथे हे काम मोठ्या प्रमाणावर सुरू झाले, आणि आज जगाच्या अन्नाचा फार मोठा भाग या प्रक्रियेवर उभा आहे. उत्प्रेरक स्वतः खतात उतरत नाही, म्हणून तो शेतकऱ्याच्या हिशेबात कधीच येत नाही.

वजनाने लहान असलेला अंश वस्तूचे सारे भवितव्य ठरवतो, हे या जिल्ह्याला नवे नाही. श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेच्या काठी दायमाबादला १९७४ साली चार धातुमूर्ती सापडल्या : बैलजोडीचा रथ आणि तो हाकणारा माणूस, हत्ती, गेंडा आणि म्हैस. चौघींचे मिळून वजन साठ किलोहून अधिक आहे. पाहणारा रथापाशी थांबतो आणि ते साहजिकच आहे. पण या मूर्तींच्या काळाबद्दल अभ्यासकांचा जो वाद झाला, त्यात एक मुद्दा धातूतल्या एक टक्क्याहून थोड्या अधिक आर्सेनिकचा होता. ताम्रपाषाण काळातल्या इतर वस्तूंत एवढे आर्सेनिक आढळत नाही, म्हणून या मूर्तींना त्या काळात बसवायचे की नाही, असा प्रश्न उभा राहिला. तांब्यात थोडे आर्सेनिक मिसळले की ते अधिक कठीण होते आणि साच्यात चांगले ओतले जाते. तेच पोटात गेले तर माणूस मरतो. विजापूरच्या तटावरची मलिक-ए-मैदान तोफ १५४९ साली नगरमध्ये ओतली गेली. तिचे सुमारे ५५ टन वजन सगळे सांगतात. तिच्या ओतीवात सुमारे एक-पंचमांश कथील आहे, म्हणजे तो घंटेचाच धातू आहे, हे फारसे कुणी सांगत नाही.

लहान अंश मोजणे आपल्याला जमत नाही, असेही म्हणता येणार नाही. गावच्या दूध संकलन केंद्रावर दुधाचा दर नुसत्या लिटरवर ठरत नाही, फॅट आणि एसएनएफ (स्निग्धांश सोडून उरलेले घनपदार्थ) पाहून ठरतो. उसाची एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेला रास्त दर, साखरेच्या उताऱ्याशी बांधलेली आहे, आणि उतारा दशांशाने हलला तरी गावोगाव त्यावर बोलले जाते. प्रवरानगर-राहुरीच्या शेतकऱ्याला घटकावर पैसे मिळवण्याचा कित्येक दशकांचा सराव आहे. बाजार समितीत बाजरी आली की हा सराव कुठे जातो? तिथे दाणा टपोरा आहे का, ओल किती, काडीकचरा किती, एवढेच पाहतात. २१ मिलिग्रॅमची बाजरी आणि ८६ मिलिग्रॅमची बाजरी एकाच ढिगात, एकाच भावाने जाते.

म्हणून ‘बाजरी खा, लोह मिळेल’ हा उपदेश मला अपुरा वाटतो. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष झाले, बाजरीला ‘श्री अन्न’ म्हटले गेले, आणि ते चांगलेच झाले. पण दोन बाजऱ्यांतल्या लोहात चौपट फरक असू शकतो, तेव्हा कोणती बाजरी हे विचारल्यावाचून त्या उपदेशाला अर्थ येत नाही. लोह जास्त असलेले वाण काही हवेतले नाही. ‘धनशक्ती’ हे वाण इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्था आणि राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ यांच्या संयुक्त कामातून आले, २०१२ साली महाराष्ट्रासाठी आणि २०१४ साली देशासाठी प्रसारित झाले. त्यात किलोमागे सुमारे ७१ मिलिग्रॅम लोह असते. ज्या जुन्या वाणातून ते निवडले, त्याचे मूळ पश्चिम आफ्रिकेतल्या टोगोच्या स्थानिक बाजरीत आहे. कोणत्याही जनुकीय फेरफाराशिवाय, फक्त दाण्यातले लोह मोजत निवड करत ते घडवले गेले. एक्स-रे फ्लुरोसन्सच्या यंत्राने दाणा न भरडता, न जाळता काही मिनिटांत लोह मोजता येते. मोजणी अवघड आहे ही सबब आता चालणार नाही.

आक्षेप आहेत आणि ते खरे आहेत. बाजरीतल्या फायटेटमुळे, म्हणजे लोहाला बांधून ठेवणाऱ्या घटकामुळे, तिच्यातले सगळे लोह अंगी लागत नाही, थोडाच हिस्सा लागतो. जेवणात लिंबू असेल तर तो वाढतो, जेवणावर लगेच चहा घेतला तर घटतो. वसतिगृहांतल्या अभ्यासाने लोहाचा साठा वाढल्याचे दाखवले आहे, तीव्र रक्तक्षय भाकरीने बरा होतो असे त्यातून काढू नये. गरोदर बाईला लोहाच्या गोळ्या लागतातच. बाजरीचे पीठ चार दिवसांत कडवट होते, त्यामुळे गव्हाच्या पिठासारखे ते पिशव्यांत भरून दूरवर पाठवता येत नाही. गिरणीवर थोडे थोडे दळून आणावे लागते. पण हा शेवटचा अडथळा वसतिगृह, आश्रमशाळा किंवा अंगणवाडीला फारसा लागू नाही. तिथे धान्य एकगठ्ठा घेतले जाते आणि स्वयंपाक रोज होतो. खरेदीच्या अटींत ओल आणि काडीकचरा यांच्या जोडीला ‘किलोमागे किमान ७० मिलिग्रॅम लोह’ एवढी एक ओळ घातली, तर पारनेर-पाथर्डीच्या कोरडवाहू शेतकऱ्याला धनशक्ती पेरायला कारण मिळेल. आज त्याला ते नाही, कारण खाजगी संकरित वाण उत्पादन जास्त देतात आणि बाजार लोहाचे पैसे देत नाही.

ही ओळ घालताना बियाण्याचाही विचार करावा लागेल. धनशक्ती हे सुधारित वाण आहे, संकरित नाही. शेतकऱ्याला स्वतःच्या कणसांतले बी पुढच्या वर्षी पेरता येते आणि त्याचा खर्च वाचतो. पण बाजरीत परपरागीकरण होते. शेजारच्या शेतातल्या संकरित बाजरीचे पराग येत राहिले की दोन-तीन हंगामांत दाण्यातले लोह उतरू लागते, आणि दाणा पाहून ते कुणालाच कळत नाही. विलगीकरणाचे अंतर राखून दरवर्षी शुद्ध बी तयार करण्याचे काम गावातल्या एखाद्या शेतकरी गटाने घ्यायचे, त्याचा नमुना राहुरीला तपासायचा आणि त्या तपासणीचा खर्च खरेदी करणाऱ्या खात्याने उचलायचा, अशी व्यवस्था तालुक्याच्या पातळीवर आजही उभी करता येईल.