थोड्या ऐपतीचे मोठे वचन

ज्याची ऐपत थोडी, त्याने मोठे वचन द्यावे काय? अंथरूण पाहून पाय पसरावेत, ही आपली जुनी शिकवण. परंतु जीवसृष्टीच्या रक्षणाचा प्रश्न येतो तेव्हा हा हिशेब अपुरा पडतो, असे आम्हांस वाटते.

1992 साली जैवविविधतेचा जागतिक करार झाला. त्याला अगदी आरंभी मान्यता देणाऱ्या राष्ट्रांत मॉरिशस होते. मराठी कुटुंबे जेथे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली, ते हे बेट आपल्या सांगली जिल्ह्याच्या चौथ्या हिश्श्याहूनही किंचित लहान. डोडो पक्षी तेथेच सतराव्या शतकात नामशेष झाला. मूळचे चांगले रान आता शेकडा दोनही उरलेले नाही. तेथील छोट्या ससाण्याचे 1974 साली रानात अवघे चार पक्षी ज्ञात होते. पुढे त्यांची संख्या शेकड्यांवर गेली. त्यामागे स्थानिकांचे कष्ट होते, तसेच परदेशी तज्ज्ञांचे व संस्थांचे साह्यही होते. श्रीमंत राष्ट्रे आपले आर्थिक वचन कितपत पाळतात, यावर विकसनशील राष्ट्रांचे वचनपालन अवलंबून राहील, हे त्या करारातच नमूद आहे.

असेच एक बेट पलूसकरांच्या शेजारी आहे. उसाच्या हिरव्या सागरात उभे असलेले सागरेश्वर! वृक्षमित्र धों. म. मोहिते यांच्या ध्यासातून उजाड डोंगरावर रान उभे राहिले, हरणे व सांबरे आणून सोडली गेली आणि 1985 साली ते अभयारण्य झाले. क्षेत्र अवघे 10.87 चौरस किलोमीटर. बारमाही पाणी नाही. साहजिकच कुंपण ओलांडून कळप पिकांत उतरतात.

येथेच नीतीचा खरा प्रश्न उभा राहतो. रान वाचल्याचे समाधान आपणा सर्वांचे. झळ मात्र बांधावरच्या शेतकऱ्याची. वचन सर्वांच्या नावे दिले आणि किंमत एकट्याने मोजली, तर त्याला त्याग म्हणता येणार नाही. त्याग स्वेच्छेने होतो. या शेतकऱ्याला कोणी विचारले होते काय?

म्हणून लहानाने वचन देऊच नये, असे आम्ही म्हणणार नाही. ससाणा त्या बेटाचा, सांबर या डोंगराचे. त्यांना दुसरीकडून कोण सांभाळणार? मात्र वचनाचा आनंद घेणाऱ्याने भारही उचलावा. पिकाची भरपाई वेळेवर मिळणे, उन्हाळ्यात रानातच पाणवठे भरलेले असणे, हे उपकार नव्हेत. ते आपले देणे आहे. ऐपत एकट्याची थोडीच असते. भार वाटून घेतला की ती पुरेशी होते.