नंबर देणाऱ्याचे देणे

सहामाहीच्या उत्तरपत्रिका वर्गात परत देण्याचा दिवस मला वार्षिक निकालाच्या दिवसापेक्षाही अवघड वाटतो. निकालाच्या दिवशी मुलांच्या हाती आकडा तेवढा पडतो. उत्तरपत्रिका हाती आली म्हणजे मुले प्रश्न विचारू लागतात. काही वर्षांपूर्वी पाचव्या नंबरावरून एकदम एकोणिसाव्यावर घसरलेला एक मुलगा माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहिला. तो रडत नव्हता, भांडतही नव्हता. त्याने एवढेच विचारले, "सर, माझे चुकले कुठे?" मी पेपर पुन्हा पाहिला. पुरवणीचे गुण बेरजेत धरावयाचे राहून गेले होते. चूक माझी होती. ती मी दुरुस्त केली, मुलगा जागेवर जाऊन बसला, आणि मी मात्र दिवसभर अस्वस्थ राहिलो. त्याने विचारलेच नसते तर? आणि विचारल्यावर, 'नंबर आमच्या पद्धतीने लागतात, पद्धत सांगता येत नाही', असे मी म्हटले असते तर?

ज्यांचे लेखन कागदावर न छापता इंटरनेटवर प्रसिद्ध होते, त्या प्रकाशकांपुढे आज हाच प्रश्न उभा आहे. अनारशांचे पीठ का बिघडले, पाय मुरगळल्यास काय करावे, असे काहीही आपण फोनला विचारतो आणि क्षणार्धात उत्तरांची यादी पुढे येते. त्या यादीत कोण वर आणि कोण खाली, हे शोधयंत्र ठरविते; आणि जगाच्या बहुतेक भागात शोधयंत्र म्हणजे गूगल. युरोपीय आयोगाने २०१७ साली दिलेला एक आकडा विचार करावयास लावणारा आहे. संगणकावर शोधणारे लोक जी पाने उघडतात, त्यांतली सुमारे ९५ टक्के यादीच्या पहिल्या पानावरच्या दहा जागांतली असतात. दुसऱ्या पानावरच्या पहिल्या जागेच्या वाट्याला सुमारे १ टक्का येतो. म्हणजे तेथला अकरावा नंबर हा अकरावा नंबर नव्हेच. तो अज्ञातवास आहे. आमच्या शाळेत अकराव्या मुलालाही बसावयास बाक मिळतो.

ही यादी लावण्याची मूळ कल्पना मोठी सुंदर होती. १९९८ साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन या दोन विद्यार्थ्यांनी ती मांडली. नव्या गावात राहावयास गेल्यावर चांगला डॉक्टर कोणता, हे आपण चार माणसांना विचारतो. आणि त्या चौघांत ज्याच्या शब्दाला गावात मान, त्याच्या शब्दाला अधिक वजन देतो. तसेच एका पानाने दुसऱ्या पानाकडे बोट दाखविले की ती एक शिफारस समजावी, आणि शिफारस करणारा जितका मान्यवर तितकी ती वजनदार मानावी. त्याच निबंधात त्यांनी असेही बजावले होते, की जाहिरातींवर जगणारे शोधयंत्र स्वभावतःच जाहिरातदारांकडे झुकेल. पुढे जाहिराती हेच त्यांच्या कंपनीचे मुख्य उत्पन्न झाले. तारुण्यात आपण काढलेले उद्गार प्रौढपणी आपल्यालाच अडचणीचे होतात, हे काही त्या दोघांपुरतेच खरे नाही.

तथापि, गूगलची बाजूही ऐकून घेतली पाहिजे. पद्धत उघड केली की लबाडांचे फावते, असे त्यांचे म्हणणे. आणि शिक्षक म्हणून मला ते पटते. बाजारात अपेक्षित प्रश्नसंच मिळू लागले, तेव्हापासून कितीतरी मुलांनी धडा वाचण्याचे सोडून दिले. इंटरनेटवरही शिफारसी विकत मिळू लागल्या. लोक काय शोधतात ते पाहून तेवढ्यापुरते पोकळ लेख पाडणारे कारखाने निघाले. २०११ साली गूगलने त्यांच्याविरुद्ध आपली पद्धत बदलली, तेव्हा अमेरिकेतल्या सुमारे १२ टक्के शोधांच्या याद्या खालीवर झाल्या. ही झाडलोट आवश्यकच होती. परंतु केरसुणी जोराने फिरली म्हणजे कचऱ्याबरोबर एखादी अंगठीही उकिरड्यावर जाते. आणि ती शोधावी कोठे, हे सांगणारे कोणी नसते.

इंग्लंडमधील अॅडम आणि शिवॉन रॅफ या दांपत्याने २००६ साली वस्तूंच्या किमतींची तुलना करून देणारे 'फाउंडेम' नावाचे स्थळ सुरू केले. थोड्याच दिवसांत ते गूगलच्या यादीतून जवळजवळ दिसेनासे झाले. दुसऱ्या शोधयंत्रांत ते व्यवस्थित सापडत होते. कारण विचारीत त्यांची वर्षे गेली; २००९ साली त्यांनी युरोपीय आयोगाकडे तक्रार नेली. २०१७ साली आयोगाने निर्णय दिला, की गूगलने किमतींच्या तुलनेची आपली स्वतःची सेवा वर बसविली आणि प्रतिस्पर्ध्यांना खाली लोटले. दंड झाला २४२ कोटी युरोचा. २०२४ साली युरोपच्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. न्याय मिळाला खरा. पण फाउंडेम २०१६ मध्येच बंद पडले होते. ज्याचा मुलगा परीक्षेला बसला आहे, त्याला त्या परीक्षेचा परीक्षक नेमू नये, हे आपल्याकडे कोणत्याही लहान गावातला मुख्याध्यापक सांगेल.

याच्या उलट निकालही झालेला आहे. सर्च किंग नावाच्या अमेरिकन कंपनीचा क्रमांक गूगलने खाली आणला, म्हणून तिने दावा लावला. २००३ साली ओक्लाहोमातील न्यायालयाने तो फेटाळला. क्रमांक हे गूगलचे मत आहे, आणि मत बाळगण्याचे स्वातंत्र्य सर्वांना आहे, असा त्यातला आशय. कायद्याच्या दृष्टीने ते बरोबर असेल. पण मत म्हटले की ते कोणाचे तरी असते. आणि ज्याच्या मतावर दुसऱ्याची चूल पेटते किंवा विझते, त्याला कारण विचारण्याचा अधिकार त्या दुसऱ्याला नको काय? मी दिलेले गुण हेही माझे मतच असते. म्हणून मी त्या मुलाला परत पाठविले असते, तर कायद्याने मला कोणी दोषी धरले नसते. मी मात्र स्वतःला मास्तर म्हणवून घेऊ शकलो नसतो.

याहून मोठे नुकसान मला वेगळेच दिसते. कारण कळत नाही, तेव्हा माणूस तर्क करू लागतो. अमुक शब्द चारदा घातला तर वर जाऊ काय, लेख लांबविला तर काय, असे करता करता लिहिणारा वाचकाला विसरतो आणि परीक्षकासाठी लिहू लागतो. कादंबरी लिहिणाऱ्या माझ्यासारख्याला हा मोह परका नाही. बक्षीस समितीकडे डोळा ठेवून लिहिलेली माझी पाने मीच फाडलेली आहेत. त्यात आणखी भर अशी, की मे २०२४ पासून अमेरिकेत, आणि त्याच वर्षी आपल्याकडेही, यादीच्या वर यंत्रच आयते उत्तर लिहून देऊ लागले. ज्यांच्या लेखनातून ते उत्तर जुळविले, त्यांच्या दारापर्यंत जाण्याची गरजच कित्येकांना वाटेनाशी झाली.

मग करावे काय? परीक्षेआधी प्रश्नपत्रिका फोडू नये, आणि परीक्षेनंतर उत्तरपत्रिका लपवू नये, एवढा साधा नियम मला पुरेसा वाटतो. पद्धत गुप्त राहो. पण ज्याचा नंबर घसरला त्याला 'तुझे येथे चुकले' किंवा 'आमचे येथे चुकले', एवढे सांगणारा माणूस असावा. नंबर देणे हा अधिकार असेल, तर कारण सांगणे हे त्याचे देणे आहे.

आणि आपणा वाचकांचेही थोडे देणे आहे. हा दिवाळी अंक आपल्या हाती आहे. यातही संपादकांनी कोणाला आधी, कोणाला मागे बसविले आहे. पण अनुक्रमणिका सगळ्यांची आहे, आणि फराळाचे ताट बाजूला सारून शेवटच्या पानापासून वाचावयास आपल्याला कोणी अडविलेले नाही. तेवढीच मोकळीक आपण त्या यादीपुढेही घ्यावी. कधीतरी दुसरे पान उलटावे. कोणी सांगावे, तेथे एखादा पाचव्या नंबराचा मुलगा एकोणिसाव्या बाकावर बसलेला असेल.